ढाक्याचं जादूघर



बंगाली भाषेत संग्रहालयाला ‘जादूघर’ म्हणतात. बचत गटांच्या कामासाठी ढाक्याला जाणं झालं, तेव्हा सोबतच्या ताई म्हणाल्या, “उद्या सकाळी जादूघर बघू.” मला वाटलं, लहान मुलांसाठी काहीतरी असेल. बघितलं ते ‘मुक्तियुद्ध जादूघर’, म्हणजे १९७१ च्या बांगलादेश मुक्तियुद्धाचं संग्रहालय. आज त्याविषयीच बोलणार आहे.

आधी थोडं मागचं. १९४७ साली पाकिस्तान झाला तेव्हा त्याचे दोन भाग होते, आणि मधे आपला देश. पूर्व भागातले लोक बंगाली बोलणारे, संख्येनंही जास्त. १९७० च्या निवडणुकीत त्यांच्या अवामी लीगला बहुमत मिळालं, पण सत्ता मिळाली नाही. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्करानं ढाक्यात हल्ला चढवला, विद्यापीठातली मुलं आणि शिक्षकसुद्धा सोडले नाहीत. पुढे नऊ महिने लढाई चालली. सुमारे एक कोटी माणसं भारतात आश्रयाला आली. ३ डिसेंबरला भारत युद्धात उतरला आणि १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्यानं शरणागती पत्करली.

हे संग्रहालय सरकारनं काढलेलं नाही. आठ नागरिक विश्वस्त म्हणून पुढे आले आणि २२ मार्च १९९६ ला सेगुनबागिचा भागातल्या एका जुन्या घरात ते सुरू झालं. २०१७ मध्ये ते आगारगावच्या मोठ्या इमारतीत आलं. आतल्या वस्तूही लोकांनी आपल्या घरातून आणून दिलेल्या. कुणाचा चष्मा, कुणाचा सदरा, कुणाची पत्रं. ते बघताना माझ्या मनात एकच येत होतं. सदऱ्याचा मालक गेल्यावर पंचवीस वर्षं तो सदरा सांभाळला कुणी? ट्रंकेच्या तळाशी घडी घालून ठेवणारी कुणीतरी आई, बायको, बहीणच असणार.

जहानारा इमाम या अशाच एक आई. त्यांचा तरणाताठा मुलगा रूमी मुक्तिवाहिनीत होता. ऑगस्टमध्ये लष्करानं त्याला घरातून नेलं, तो परत आला नाही. विजयाच्या तीन दिवस आधी नवराही गेला. त्या दिवसांची त्यांची रोजनिशी १९८६ मध्ये पुस्तकरूपानं आली आणि बांगलादेशात घरोघरी वाचली गेली.

पण मैत्रिणींनो, एक युद्ध असंही होतं, ज्याची वस्तू कुणी आणून देत नाही.

ढाक्याच्या मीरपूर भागात एक जुनं पंपघर आहे. तिथं माणसं मारून टाकली होती. १९९९ मध्ये संग्रहालयानं ते खणून घेतलं. ७० कवट्या आणि ५,३९२ हाडं निघाली. एकेक मोजून त्यांची नोंद झाली. आणि ज्या बायकांवर त्या नऊ महिन्यांत अत्याचार झाले, त्या किती? सरकारी आकडा दोन लाखांचा. कुणी जास्त सांगतं, कुणी कमी. नक्की मोजदाद झालीच नाही. हाडं मोजता आली, कारण हाडांना गावात परत जाऊन तोंड दाखवायचं नव्हतं.

युद्ध संपल्यावर सरकारनं या बायकांना ‘वीरांगना’ म्हटलं. हेतू चांगला होता. त्यांच्यासाठी पुनर्वसन केंद्रंही निघाली. त्यांच्या पोटी आलेली काही बाळं परदेशात दत्तक गेली. जुलै १९७२ मध्ये त्यातली पंधरा कॅनडाला पोचली. पण सन्मानाचा तोच शब्द गावागावात टोमणा झाला. लोक त्याचा उच्चार मुद्दाम बदलून ‘वारांगना’ करायचे. मग बायका गप्प बसल्या. फिरदौसी प्रियभाषिणी या शिल्पकार बाईंनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आपल्यावर काय गुदरलं ते नाव-चेहरा न लपवता सांगितलं, तेव्हा कुठे ही कोंडी फुटू लागली. या बायकांना ‘मुक्तियोद्धा’ म्हणून सरकारी यादीत घ्यायला २०१५ साल उजाडलं. चव्वेचाळीस वर्षं! तोवर कितीजणी जगल्या असतील?

आणि हातात बंदूक घेतलेल्या बाईचं तरी काय झालं, ते ऐका. कुडीग्राम जिल्ह्यातली तारामन बीबी. कोवळ्या वयात मुक्तिवाहिनीच्या छावणीत स्वयंपाकाला आली. तिथंच बंदूक चालवायला शिकली आणि प्रत्यक्ष लढली. तिचा भाग युद्धाच्या अकराव्या विभागात येत होता. त्याच विभागातल्या जमालपूरला डिसेंबरात आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, जंगी पलटण, लढली होती. १९७३ मध्ये सरकारनं तारामनला ‘वीर प्रतीक’ किताब जाहीर केला. हा किताब मिळालेल्या बायका दोनच, दुसऱ्या डॉक्टर सितारा बेगम. पण तारामनला हे कुणी कळवलंच नाही! ती गावात गरिबीत दिवस काढत राहिली. १९९५ मध्ये एका अभ्यासकानं तिला शोधून काढलं, तेव्हा तिला समजलं की आपण बावीस वर्षांपासून वीर आहोत. त्या डिसेंबरात पदक हातात पडलं. २०१८ मध्ये ती गेली.

संग्रहालयातून बाहेर पडताना शाळेच्या मुलांची रांग आत येत होती. या संग्रहालयाची एक बसही आहे, ती प्रदर्शन घेऊन गावोगावच्या शाळांत जाते. तिथं मुलांना सांगतात, घरातल्या मोठ्या माणसांना एकाहत्तर सालचं विचारा आणि लिहून पाठवा. अशा हजारो आठवणी जमल्या आहेत. कितीतरी आज्यांना कुणी पहिल्यांदाच विचारलं असेल, “तेव्हा तू कुठं होतीस?”

आपल्याकडेही सातारा, सांगली, कोल्हापूर भागातल्या कितीतरी घरांतून जवान त्या युद्धावर गेले. त्यांची नावं गावच्या फलकावर असतील. पण डिसेंबरातले ते दिवस रेडिओला कान लावून काढणारी, तार आली म्हणताच पाय लटपटणारी त्याची बायको आज सत्तरी-पंच्याहत्तरीत असेल. तिचं नाव कुठल्याच फलकावर नाही.

शेजारी अशी कुणी असेल, तर आज संध्याकाळी तिच्याजवळ जाऊन बसा. काही लिहून घेतलंत तर उत्तमच. नाहीतर नुसतं ऐका. तारामनसारखी बावीस वर्षं वाट बघायला लावू नका.