ओंडका आणि करवत्ये

रायपूरच्या सदर बाजारात सराफ गुंजेगुंजेचा हिशेब ठेवतात. आम्ही येथे मणांच्या हिशेबाचे स्मरण करीत आहो. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि छत्तीसगडच्या सालवृक्षाला मोठे गिऱ्हाईक लाभले. १९०० साली धमतरीची छोटी लाईन सुरू झाली; रानातले लाकूड तीवरून रायपुरास येऊ लागले.

सालाचा ओंडका जड, म्हणून करवतच त्याच्याकडे जाई. पावसाळा सरून गाडीवाटा वाळल्या की खड्ड्यावर ओंडका बसवीत. एक करवत्या वर, दुसरा खाली, भुशाच्या वर्षावात. थंडीत चिरलेले लाकूड सावकाश सुकते. उन्हाळ्यातल्यासारखे टोकांना तडकत नाही. मोठ्या लाईनीचा स्लीपर ९ फूट लांब, १० इंच रुंद, ५ इंच जाड. वजन सुमारे २ मण. पुढे इंजिनावरची फिरती करवत-गिरणी निघाली. तिने खालच्या माणसाची सुटका केली. पण ओंडक्यापाशी जाण्याची रीत तिने त्याच्याकडूनच घेतली.

आता रुळांखाली काँक्रीट आले आहे. दप्तर स्लीपर मोजते. भुशात उभ्या राहिलेल्या माणसासाठी त्यात रकाना नसतो. परमुलखात दप्तरे सांभाळणाऱ्या आम्हांस तो रकाना आखावासा वाटतो.