वाङ्मयेतिहास आणि विद्यापीठाबाहेरचा संशोधक

मराठी वाङ्मयेतिहासाचा पाया विद्यापीठात नव्हे, ठाण्यात घातला गेला. 1893 साली तेथे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन करण्यात अग्रभागी असलेले विनायक लक्ष्मण भावे (1871–1926) विज्ञानाचे पदवीधर होते व मिठाचा व्यापार करीत. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिताना पद, वेतन वा अनुदान यांपैकी काहीही त्यांच्या पाठीशी नव्हते. होता तो व्यापार. मुंबई विद्यापीठ 1857 पासून अस्तित्वात होते. परंतु तेथे मराठीला स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे यांना अखेरपर्यंत झगडावे लागले.

तथापि हौशी संशोधकाला निर्दोष ठरविणेही सोयीचेच. महानुभावांची सांकेतिक लिपी राजवाडे, भावे प्रभृतींनी 'उलगडली', असे सांगण्याची रीत आहे. पण ती हरवली होती कोठे? मठांतून ती पिढ्यान्‌पिढ्या वाचली जातच होती. संप्रदायाने राखलेले गुपित छापले जाताच संशोधकाचे कर्तृत्व ठरले आणि ज्यांनी पोथ्या जपल्या ते महंत केवळ 'साधनसामग्रीचे धारक' उरले. 'शोध' या शब्दात कोणाचे अज्ञान गृहीत धरलेले असते, हा प्रश्न आपल्या संशोधनपद्धतीने क्वचितच स्वतःला विचारला. पुढे शं. गो. तुळपुळे यांनी 'सारस्वता'ला पुरवणी जोडली आणि व्यापाऱ्याचा ग्रंथ विद्यापीठीय अभ्यासाचा आधारग्रंथ म्हणून टिकला.