सोपे इंजेक्शन, लांबचा शेक

प्रोस्टेटच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन काही वर्षे गेली आणि रक्ततपासणीतला पीएसएचा आकडा पुन्हा वर सरकू लागला, की मुळशीसारख्या तालुक्यात एक मत हमखास पुढे येते. शेक, म्हणजे किरणोपचार, घ्यायचा तर आठवड्यातून पाच दिवस पुण्याला जायचे, तेही सहा-सात आठवडे. ताम्हिणीकडच्या माणसाने भातलावणी सोडून हे करायचे कसे? त्यापेक्षा तीन महिन्यांनी एक हार्मोनचे इंजेक्शन घ्यावे. आकडा त्यानेही उतरतो.

यातली अडचण खोटी नाही. बुडणारी मजुरी, सोबत येणाऱ्या मुलाची रजा, एसटीच्या वेळा, सगळे खरे. आकडा उतरतो हेही खरे. पण दोन्ही उपचार एकाच कामाचे आहेत, हे गृहीतक मान्य करता येत नाही.

पुरुषी संप्रेरकांचा पुरवठा तोडला की हा रोग दबतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. मात्र एकट्या इंजेक्शनाने रोग दबतो, समूळ जात नाही. शिवाय ते दीर्घकाळ चालले तर स्नायू गळतात, हाडे ठिसूळ होतात, साखर वाढू शकते. चिखलात वाकून आवणी करणाऱ्याला हे परवडणारे नाही. ग्रंथी काढलेल्या जागीच रोग उरला असेल, तर तो कायमचा घालवण्याची संधी शेकातच असते, आणि ती आकडा लहान असतानाच.

इथेच घात होतो. प्रयोगशाळेच्या कागदावर चारपर्यंतचा पीएसए सर्वसाधारण म्हणून छापलेला असतो. ती मर्यादा ग्रंथी शाबूत असलेल्यांची. ग्रंथी काढल्यावर आकडा जवळपास शून्य हवा, ०.२ झाला आणि फेरतपासणीतही तेवढाच किंवा जास्त आला, तर रोग परतला असे धरतात. ०.५ ओलांडण्याआधी शेक दिला तर यशाची शक्यता अधिक. पेट स्कॅनमध्ये काही दिसले नाही म्हणून थांबणेही चूक, कारण इतका बारीक रोग स्कॅनला अनेकदा दिसतच नाही.

मग प्रत्येकाने शेक घ्यावा का? मुळीच नाही. जॉन्स हॉपकिन्सच्या १९९९ च्या अभ्यासात पीएसए वाढल्यावरही लवकर हार्मोन न घेतलेले ३०४ रुग्ण होते. त्यांच्यात रोग दूर पसरायला लागलेला मध्यक काळ आठ वर्षांचा होता. ऐंशीच्या घरातला, हृदयरोग असलेला माणूस आणि संथ वाढणारा आकडा, अशा वेळी नुसती नियमित तपासणी हाच शहाणा निर्णय ठरू शकतो. उलट आकडा काही महिन्यांतच दुप्पट होत असेल, रोगाची आक्रमकता सांगणारे ग्लीसन गुण आठ किंवा त्याहून जास्त असतील, तर शेकासोबत काही काळ इंजेक्शनही लागते. इंजेक्शनाला माझा विरोध नाही. अंतर वाचते म्हणून ते निवडण्याला आहे.

आणि अंतराचा प्रश्नही वाटतो तितका अटळ नाही. ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या, २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या रॅडिकल्स या शस्त्रक्रियेनंतरच्या शेकाच्या चाचणीत ३३ मात्रांऐवजी २० मात्रांचा, म्हणजे चार आठवड्यांचा पर्यायही मान्य होता. पौडहून पुण्याला निघण्याआधी शस्त्रक्रियेचा पॅथॉलॉजी अहवाल आणि पीएसएचे सगळे जुने कागद तारखांप्रमाणे लावून न्यावेत, किरणोपचारतज्ज्ञाला भेटावे आणि कमी मात्रांत काम होईल का, हे थेट विचारावे. इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी.