झटका ओसरल्यावर

जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपलिन यांनी १८९९ मध्ये उन्माद आणि नैराश्याच्या झटक्यांचा आजार, म्हणजे आजचा द्विध्रुवी विकार, स्किझोफ्रेनियापासून वेगळा काढला. त्यांचा मुख्य आधार होता रोगाची वाटचाल. झटक्यांच्या मधल्या काळात हा रुग्ण बहुधा पूर्ववत होतो, असे त्यांना दिसले. पण पूर्ववत म्हणजे नेमके काय, हे मोजायचे कसे?

मोजपट्टी आली ती भलतीकडूनच. क्लीव्हलँडच्या सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये आंघोळ, कपडे, जेवण अशा सहा कामांची श्रेणी मांडली. तिची सुरुवात झाली होती खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांपासून! द्विध्रुवी विकाराचे वृद्ध सहसा इथे अडत नाहीत. अडतात ते औषधांच्या वेळा आणि पैशांचे व्यवहार सांभाळताना. लॉटन आणि ब्रॉडी यांनी १९६९ मध्ये अशी आठ कामे घेतली. मात्र पुरुषांच्या बाबतीत स्वयंपाक, घरकाम आणि धुणे मोजायचेच नाही, असे ठरले. काळाचा शिक्का मोजपट्टीवरही उमटतो तो असा.

शिवाय उत्तर द्यायचे कोणी? उदास माणूस स्वतःला कमी लेखतो, उन्मादातला जास्त. सॅन डिएगोच्या संशोधकांनी २००१ मध्ये कामे समोर करूनच घेतली : सुटे पैसे मोजा, बिलाचा चेक लिहा, फोन लावा. ही चाचणी मुळात स्किझोफ्रेनियाच्या प्रौढ व वृद्ध रुग्णांसाठी होती. द्विध्रुवी विकारात ती नंतर वापरली गेली.

बार्सिलोनाची २००७ ची २४ प्रश्नांची चाचणी याच विकाराच्या रुग्णांवर पारखलेली आहे. पण तीत पगारी नोकरीचेही प्रश्न आहेत. सत्तरीच्या निवृत्त शिक्षकाला तिथे ‘अडचण आहे’ असे लागले, तर ती आजाराची म्हणायची की पेन्शनीची?