मोत माउली (माउंट मेरी)

मुंबईतील वांद्रे येथील, मरियेला वाहिलेले कॅथलिक तीर्थक्षेत्र. टेकडीवरचे मूळ प्रार्थनास्थळ जेझुइटांनी सोळाव्या शतकात उभारले. सध्याची वास्तू १९०४ मधील असून १९५४ मध्ये तिला बॅसिलिकेचा दर्जा मिळाला. मरियेच्या जन्मदिनानंतरच्या (८ सप्टेंबर) रविवारपासून आठवडाभर जत्रा भरते (पहा : जत्रा). नवस बोलणे व फेडणे हा येण्यामागील मुख्य हेतू. दुखऱ्या अवयवाची मेणाची प्रतिकृती वाहतात : हात, पाय, हृदय; घर हवे असल्यास मेणाचे घर, अपत्यासाठी मेणाचे बाळ. हिंदू, मुस्लिम भाविकही त्याच रांगेत असतात, ही या स्थळाची विशेष मोलाची बाब.  अमरावती-अकोल्याकडून येथे यायचे असल्यास बडनेरा व अकोला स्थानकांवरून मुंबईची थेट गाडी मिळते (पहा : वऱ्हाड).