बालक्रीडा व शालेय शिक्षण, महाराष्ट्रातील

मुलांच्या स्वाभाविक खेळाला शिक्षणात कोणते स्थान असावे, हा महाराष्ट्राच्या शिक्षणेतिहासातील एक जुना प्रश्न होय. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले व १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. महाविद्यालयाची व पर्यायाने नोकरीची वाट या परीक्षेतून जात असल्यामुळे खालच्या इयत्तांचे अध्यापनही तिच्या अनुरोधाने होऊ लागले. अभ्यास व खेळ यांची फारकत झाली आणि खेळ ही अभ्यास आटोपल्यावर मिळणारी सवलत ठरली.

ही फारकत दूर करण्याचा महत्त्वाचा प्रयत्न बालशिक्षणाच्या क्षेत्रात झाला. गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी भावनगर येथे १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी माँटेसरी पद्धतीला ग्रामीण रूप दिले. १९४५ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांनी ग्राम बालशिक्षण केंद्र काढले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले. महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया व पाने यांचा उपयोग करून खेळातूनच मोजणी, वर्गीकरण व भाषा शिकविण्यात येई. आदिवासी मुलांपुढील अडचण निराळी होती : गुरे राखणे व धाकट्या भावंडांना सांभाळणे यांमुळे त्यांना शाळेत येणे अवघड जाई. म्हणून ताराबाई व अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी शाळाच मुलांकडे नेली. वस्तीतील अंगणवाडी व गुरे चरतात तेथील कुरणशाळा हे त्याचेच प्रकार होत. १९७५ मध्ये सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रेही अंगणवाडी याच नावाने ओळखली जातात.

तथापि हे तत्त्व वरच्या इयत्तांत फारसे पोहोचले नाही. तेथे प्रथम दहावीच्या व नंतर बारावीच्या गुणांचे वर्चस्व राहिले. १९९३ मध्ये यशपाल समितीने अभ्यासाच्या ओझ्याकडे लक्ष वेधले, तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण असणे हा एक निकष ठरविला.

बोर्डीच्या दक्षिणेस, त्याच पश्चिम रेल्वेमार्गावर वसलेल्या मीरा-भाईंदरमध्ये हा प्रश्न नागरी स्वरूपात दिसतो. गावे, शेते व मिठागरे यांच्या या परिसरात १९८५ मध्ये नगरपरिषद व २००२ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. अशा दाट वस्तीच्या शहरात मोकळी जागा दुर्मिळ होते आणि शाळेनंतरच्या शिकवण्यांमुळे मोकळा वेळही उरत नाही. पालकांची चिंता निराधार नाही. कारण महाविद्यालयीन प्रवेशाची स्पर्धा खरीच आहे. परंतु खेळ ही अभ्यासातील वजाबाकी नसून शिकण्याचीच एक रीत आहे, हे कोसबाडच्या टेकडीवर प्रत्यक्ष दिसून आले होते. क्रीडांगणासाठी जागा राखून ठेवली, तरी तिचा उपयोग करण्यास मुलांना वेळ दिल्याखेरीज हा समतोल साधत नाही.