पुढील सभेत विचार व्हावा

अमेरिकेतील एखाद्या शाळामंडळाचे कार्यवृत्त हाती घेऊन बसावे, तर दुसऱ्या पानालाच डोळे मिटू लागतात. मागील सभेचे वृत्त वाचून कायम केले, कोळशाची व दुरुस्तीची बिले मंजूर, अमुक शिक्षकाचा करार आणखी एक वर्ष चालू ठेवावा, अमुक बाईंची रजा मंजूर, बसचा रस्ता बदलण्याविषयी पालकांचा अर्ज आला, तो सुपरिंटेंडेंटकडे अभिप्रायासाठी पाठविला, छप्पर गळते, पुढील सभेत विचार व्हावा, सभा बरखास्त. आपल्या नगरपालिकेच्या सभेला जे कधी जाऊन बसले असतील त्यांना हा मासला नवा वाटणार नाही. तरीही आम्ही श्रोत्यांना याच रुक्ष दप्तराकडे नेणार आहोत. कारण शिक्षणाचा इतिहास आपण बहुधा आयोगांच्या अहवालांत आणि थोर शिक्षणतज्ज्ञांच्या चरित्रांत शोधतो. प्रत्यक्षात त्याचा बराचसा भाग महिन्यातून एकदा, संध्याकाळी, पाच-सहा गृहस्थ एका टेबलाभोवती बसतात तेथे घडत असतो.

अमेरिकेत शाळा राजधानीतून चालविली जात नाही. ती गावाची असते, आणि गाव तिच्यासाठी कर देते. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६४७ सालीच पन्नास घरांच्या गावाने शिक्षक ठेवावा आणि शंभर घरांच्या गावाने वरच्या वर्गांची शाळा चालवावी असा कायदा केला. पहिले सार्वजनिक हायस्कूल बोस्टन शहरात १८२१ मध्ये निघाले. परंतु हायस्कूल ही सर्वांना हवीशी वाटणारी गोष्ट होती असे मात्र कोणी समजू नये. त्याच राज्यातील बेव्हर्ली गावाने १८६० च्या मार्चमध्ये आपले हायस्कूल बंद करावे असा ठराव २४९ विरुद्ध १४३ मतांनी संमत केला. मुलगा चौदाव्या वर्षी कामाला लावावा लागतो असा चांभार किंवा कोळी, वकिलाच्या मुलाच्या लॅटिनसाठी पैसे का मोजील? प्रश्न वाटतो तितका अडाणीपणाचा नव्हता. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले त्याचा रोखही, रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, याच तक्रारीवर होता.

या प्रश्नाचा निकाल मिशिगन राज्यातील कॅलमझू या गावी लागला. तेथील शाळामंडळ हायस्कूल चालवीत होते, सुपरिंटेंडेंटला पगार देत होते आणि त्यासाठी कर घेत होते. गावातील काही वजनदार करदात्यांनी दावा लावला. त्यांच्यात चार्ल्स स्टुअर्ट हे अमेरिकेच्या सेनेटचे माजी सभासदही होते. त्यांचे म्हणणे असे की, प्राथमिक शाळेसाठी कर समजू शकतो, पण परभाषा आणि वरचे विषय शिकविण्यासाठी आमच्या खिशात हात घालण्याचा अधिकार मंडळाला दिला कोणी? १८७४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती टॉमस कूली यांनी निकाल दिला की, हा अधिकार मंडळाला आहे. राज्याने प्राथमिक शाळाही सार्वजनिक ठेवली आणि विद्यापीठही. मधली पायरीच तेवढी पैसेवाल्यांसाठी राखून ठेवायची, असे राज्याचे धोरण कधीच नव्हते. इतर राज्यांतील न्यायालयांनी हा निकाल उचलून धरला. कॅलिफोर्नियात तर १८९१ च्या कायद्याने अनेक लहान गावांनी मिळून एक हायस्कूल-जिल्हा करावा आणि त्याचे स्वतंत्र मंडळ निवडावे अशी सोय झाली.

मंडळाला कर घेता येतो काय, हा प्रश्न असा सुटला. मंडळाने कोणासाठी शाळा बांधायची, हा प्रश्न मात्र कॅलमझूच्या न्यायालयापुढे नव्हताच. तो पुढे आला दक्षिणेत.

व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स एडवर्ड नावाची एक कौंटी आहे. कौंटी म्हणजे आपल्या तालुक्याएवढा मुलूख समजावा. तंबाखूची शेती, फार्मव्हिल हे मुख्य गाव, आणि वस्ती जवळपास निम्मी गोरी, निम्मी काळी. राज्याच्या १९०२ च्या घटनेतच गोऱ्या व काळ्या मुलांना एका शाळेत शिकवू नये असे कलम होते. येथील मंडळाची घडणही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मिशिगनप्रमाणे ते लोकांनी निवडलेले नव्हते. न्यायाधीशाने तिघांची समिती नेमायची आणि त्या समितीने मंडळाचे सभासद नेमायचे. शिवाय मंडळाला स्वतःचा कर बसविता येत नसे. पैसा कौंटीच्या सुपरवायझरांनी मंजूर करावा तेव्हा मिळे. म्हणजे मागणाऱ्याने मंडळाकडे मागावे, मंडळाने सुपरवायझरांकडे बोट दाखवावे आणि सुपरवायझरांनी मतदारांकडे.

काळ्या मुलांसाठी १९३९ साली फार्मव्हिल येथे मोटन हायस्कूल बांधले गेले. इमारत विटांची, १८० मुलांपुरती. दहाबारा वर्षांत तेथे सुमारे साडेचारशे मुले झाली. व्यायामशाळा नाही, उपाहारगृह नाही. पुढे न्यायालयातच नोंद झाली की, गोऱ्यांच्या शाळेत शिकविले जाणारे पदार्थविज्ञान, लॅटिन आणि जगाचा इतिहास हे विषय मोटनमध्ये नव्हते. गर्दीवर मंडळाने काढलेला तोडगा म्हणजे शाळेच्या आवारात उभारलेल्या लाकडी खोल्या, वरून डांबरी कागद ठोकलेल्या. पाऊस आला की त्या गळत. आत शेगडी असे. तिच्याजवळचा मुलगा भाजून निघे आणि दारापाशी बसलेला अंगावरचा कोट काढीत नसे. गावातले लोक त्यांना कोंबड्यांची खुराडी म्हणत.

हे सारे कोणा दुष्ट माणसाने एका रात्रीत ठरविलेले नव्हते. मोटनचे मुख्याध्यापक बॉइड जोन्स आणि पालकसंघाचे पुढारी रेव्हरंड फ्रान्सिस ग्रिफिन हे नवी इमारत मागण्यासाठी महिन्यामागून महिने मंडळाच्या सभेला जात राहिले. त्यांचे म्हणणे सौजन्याने ऐकून घेतले जाई. नवे हायस्कूल व्हावे हे मंडळालाही तत्त्वतः मान्य होते! फक्त जागा मिळत नव्हती. पालकांनी स्वतः हिंडून जागा सुचविली, तरी काम पुढे सरकेना. अखेर १९५१ च्या वसंतात त्यांना सांगण्यात आले की, आता दर सभेला येण्याची तसदी घेऊ नये. काही ठरले म्हणजे कळविण्यात येईल. अपमानाचा एक शब्दही न उच्चारता माणसांना दाराबाहेर कसे ठेवता येते, हे ज्याला शिकावयाचे असेल त्याने या सभांचा अभ्यास करावा.

आणि मग जे वडील माणसांना जमले नाही ते मुलांनी केले. बार्बरा जोन्स ही सोळा वर्षांची विद्यार्थिनी. (मुख्याध्यापक जोन्स आणि ती यांचे नाते काही नाही, इंग्रजीत दोघांची आडनावेही निराळी, आपल्या लिपीत तेवढी ती एकसारखी दिसतात.) २३ एप्रिल १९५१ रोजी कोणीतरी मुख्याध्यापकांना फोन केला की, तुमची काही मुले बसच्या ठाण्यावर अडचणीत सापडली आहेत. ते घाईने गेले. इकडे प्रत्येक वर्गात चिठ्ठी फिरली की, सर्वांनी सभागृहात जमावे. खाली सहीच्या जागी आडनावाचे आद्याक्षर तेवढे होते, आणि दोघांचे आद्याक्षर एकच! पडदा उघडला तो मंचावर मुख्याध्यापक नव्हते, ही मुलगी उभी होती. तिने शिक्षकांना बाहेर जाण्याची विनंती केली आणि मुलांना सांगितले की, नवी शाळा मिळेपर्यंत वर्गात बसायचे नाही. सारी शाळा बाहेर पडली. संप दोन आठवडे चालला.

मुलांनी रिचमंडच्या वकिलांना पत्र धाडले. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन हे कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेचे वकील दुसऱ्या एका कामासाठी जाता जाता फार्मव्हिलला थांबले. मुलांची समजूत घालून त्यांना परत वर्गात पाठवावे अशा विचाराने. मुलांचा निर्धार पाहून तेच विचारात पडले. त्यांनी अट घातली ती अशी: चांगली इमारत मागण्याचा दावा आम्ही चालविणार नाही, वेगळ्या शाळाच नकोत असा दावा लावायचा असेल तर आम्ही आहो. छप्पर गळते एवढ्या तक्रारीपासून निघालेली मुले आणि त्यांचे पालक एवढ्या मोठ्या उडीला तयार झाले. मंडळाने वेळीच एक बरी इमारत बांधली असती तर हा दावा त्या कौंटीतून बहुधा उठलाच नसता, असे आम्हांला वाटते. ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने २३ मे १९५१ रोजी कौंटीच्या शाळामंडळाविरुद्ध फिर्याद दाखल झाली.

आता गंमत पाहा. वर्षानुवर्षे न मिळणारी जागा तातडीने मिळाली, पैसाही उभा राहिला, आणि १९५३ साली नवे मोटन हायस्कूल उघडले. मुख्याध्यापक जोन्स यांचा करार मात्र मंडळाने पुढे चालू ठेवला नाही. आरंभी दिलेल्या मासल्यातील शिक्षकांच्या करारांची ती ओळ वाचकांना आठवत असेल; तिचे दुसरे टोक हे असे असते.

व्हर्जिनियातील तीन न्यायाधीशांच्या न्यायालयाने १९५२ मध्ये वेगळ्या शाळांची प्रथा उचलून धरली व फक्त सोयी समान कराव्यात असे सांगितले. दावा वर गेला, आणखी चार दाव्यांबरोबर चालला, आणि १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णावरून शाळा वेगळ्या ठेवणे घटनाबाह्य ठरविले. शेजारच्या कान्सास राज्यातील नव्हे, दूरच्या कान्सासमधील फिर्यादीच्या नावाने, म्हणजे ब्राउनच्या नावाने, हा निकाल ओळखला जातो. त्यामुळे फार्मव्हिलच्या मुलांचा उल्लेख पुस्तकांत बहुधा तळटीपेत येतो.

पण येथे गोष्ट संपत नाही. मंडळाला हुकूम झाला होता, सुपरवायझरांना नाही. आणि पैशाची किल्ली सुपरवायझरांकडे होती. त्यांनी शाळांना वर्षाचे पैसे देण्याऐवजी महिन्यामहिन्याला देण्यास सुरुवात केली, म्हणजे मुले एकत्र बसविण्याची वेळ आलीच तर नळ त्याच क्षणी बंद करता यावा. ती वेळ १९५९ साली आली. न्यायालयाने सप्टेंबरपासून एकत्र शाळा सुरू करण्यास फर्माविले, आणि जूनमध्ये सुपरवायझरांनी शाळांसाठी कर बसविण्यासच नकार दिला. साऱ्या कौंटीतील सार्वजनिक शाळांना कुलपे लागली. गोऱ्या मुलांसाठी एक खासगी अकादमी काढण्यात आली. पुढे तिच्या फीला राज्याचे अनुदान आणि देणगीदारांना करात सवलतही मिळाली. काळ्या मुलांना, म्हणजे सुमारे सतराशे जणांना, काहीच नव्हते. कोणी नातेवाइकांकडे परगावी गेले, कोणाला क्वेकर पंथीयांनी दुसऱ्या राज्यांतील घरांत ठेविले, कोणी चर्चच्या तळघरात जमेल तेवढे शिकले. आणि पुष्कळजण तंबाखूच्या शेतात राबू लागले ते पुन्हा शाळेकडे फिरकलेच नाहीत. फी न परवडणाऱ्या काही गोऱ्या घरांचीही मुले घरी बसली, पण त्यांची दखल दोन्ही बाजूंनी फारशी कोणी घेतली नाही.

शाळामंडळ मात्र अस्तित्वात होते. मुले नाहीत, शिक्षक नाहीत. बंद इमारतींची राखण तेवढी उरली. १९६० साली गोऱ्यांची हायस्कूलची इमारत खासगी संस्थेला विकून टाकावी असा दबाव आला, तेव्हा बहुसंख्य सभासदांनी राजीनामे दिले. सार्वजनिक मालमत्ता अशी फुंकून टाकणे त्यांना पटले नाही. मुलांसाठी जे त्यांच्या हातून घडले नाही ते विटांसाठी घडले, असे कोणी म्हणेल. आम्ही इतके कठोर होणार नाही. त्या दिवसांत फार्मव्हिलमध्ये एवढे करणेही स्वस्त नव्हते.

१९६३ च्या सप्टेंबरात केनेडी सरकारच्या प्रयत्नाने आणि देणग्यांच्या पैशावर एक वर्षासाठी मोफत शाळा उघडल्या. सुमारे पंधराशे मुले आली. त्यांत दहा वर्षांची अशी मुले होती की ज्यांनी आयुष्यात प्रथमच वर्गात पाऊल ठेविले. अखेर २५ मे १९६४ रोजी, रेव्हरंड ग्रिफिन यांच्या मुलांच्या नावे चाललेल्या दाव्यात, न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी सर्वोच्च न्यायालयातर्फे सांगितले की, शाळांसाठी कर बसविण्यास सुपरवायझरांना जरूर तर न्यायालय भाग पाडू शकते. कॅलमझूचे करदाते म्हणत होते, मंडळाने कर घेऊ नये. त्यानंतर बरोबर नव्वद वर्षांनी न्यायालयाला सांगावे लागले की, कर घेतलाच पाहिजे. जोतीरावांनी ज्या अमेरिकन लोकांना गुलामांच्या मुक्तीबद्दल १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली, त्यांच्या नातवंडा-पतवंडांच्या काळातली ही हकीकत आहे.

सुपरवायझरांनी कर मंजूर केला. पण त्याच बैठकीत खासगी शाळेतील मुलांच्या फीसाठीही अनुदान ठरविले, आणि न्यायालय आड येण्यापूर्वी ऑगस्टमधील एका रात्री पालकांना बोलावून पैसे वाटून टाकले. त्याबद्दल पुढे त्यांच्यावर न्यायालयाच्या अवमानाचा ठपका आला. सप्टेंबर १९६४ मध्ये सार्वजनिक शाळा पुन्हा उघडल्या. पहिल्या वर्षी त्यांत गोरी मुले बोटांवर मोजण्याइतकीच होती.

मोटनच्या जुन्या इमारतीत २००१ पासून संग्रहालय आहे. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने २००३ साली शाळा बंद ठेवल्याबद्दल खेद व्यक्त करणारा ठराव केला, आणि पुढच्या वर्षी त्या पाच वर्षांत ज्यांचे शिक्षण तुटले त्यांच्यासाठी शिष्यवृत्त्या सुरू केल्या. शाळेत, महाविद्यालयात किंवा शाळान्त परीक्षेच्या तयारीसाठी त्या घेता येत. ज्यांच्यासाठी त्या ठेवल्या होत्या, त्यांतील सर्वांत लहान माणूसही तेव्हा चाळिशी ओलांडून गेला होता.